हुबळी-धारवाड : मराठी पाहुण्यांसाठी आमच्या जुळ्या शहरांची ओळख

हुबळी आणि धारवाड ही उत्तर कर्नाटकातील जुळी शहरे. दोहोंमधील अंतर सुमारे २० किलोमीटर. १९६२ साली दोन्ही शहरांची मिळून एकच महानगरपालिका झाली आणि तेव्हापासून कागदोपत्री ‘हुबळी-धारवाड’ असे जोडनाव रूढ झाले. १ नोव्हेंबर २०१४ पासून हुबळीचे अधिकृत नाव ‘हुब्बळ्ळी’ आहे. आम्ही घरात अजून हुबळीच म्हणतो; स्टेशनवरची पाटी वाचताना मात्र पाहुण्यांनी गोंधळू नये. जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारवाडसाठी वेगळ्या महानगरपालिकेला मंजुरी दिली, म्हणजे जुळ्यांची वाटणीही होऊ घातली आहे. आमच्यासारख्या जुन्या रहिवाशांना त्याचे फारसे नवल वाटले नाही, कारण जुळी असली तरी ही भावंडे स्वभावाने कधीच सारखी नव्हती.

हुबळी म्हणजे व्यापार, रेल्वे, कापूस, मिरची, कांदा, कापडाची दुकाने आणि गडबड. धारवाड म्हणजे शाळा-कॉलेजे, कोर्टकचेऱ्या, कवी, गवई आणि दुपारची झोप. हुबळीकर म्हणतात, धारवाडात पाच वाजल्याशिवाय माणूस दिसत नाही. धारवाडकर म्हणतात, हुबळीत पाच मिनिटे बसून बोलायला माणूस मिळत नाही. हवेतही फरक आहे. धारवाड मलनाडाच्या उंबरठ्यावर, थोडे उंचावर आणि झाडीत. पावसाळ्यात तेथे दिवसचे दिवस भुरभुर चालते. हुबळी त्या मानाने कोरडी आणि काळ्या मातीची. सकाळी धारवाडहून छत्री घेऊन निघालेला माणूस हुबळीत उतरल्यावर ती काखेत मारून हिंडतो, हे आम्ही नोकरीच्या काळात वर्षानुवर्षे अनुभवले आहे.

आमच्याकडे पुण्या-मुंबईहून येणारे नातेवाईक बहुधा लग्नकार्याला येतात, पेढ्याचे खोके घेतात आणि गोव्याकडे किंवा हंपीकडे निघून जातात. ‘तुमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न ते स्टेशनवर निरोप घेताना विचारतात. उत्तर त्यांना येण्याआधी मिळावे, म्हणून ही माहिती एकत्र केली आहे.

मराठीशी असलेले जुने नाते

मराठी वाचकाला या भागाची पहिली ओळख इतिहासाच्या पुस्तकातून होते. १६७३ साली शिवाजी महाराजांच्या फौजेने अण्णाजी दत्तोंच्या हाताखाली हुबळीची पेठ लुटली. तेथे तेव्हा इंग्रजांची वखार होती आणि तिचेही नुकसान झाले. त्यावरून त्या काळीही ही पेठ किती श्रीमंत असावी याचा अंदाज येतो. पुढे धारवाडचा किल्ला टिपूच्या ताब्यात असताना परशुरामभाऊ पटवर्धनांनी इंग्रजांच्या एका तुकडीच्या मदतीने त्याला वेढा घातला. १७९० च्या पावसाळ्यानंतर सुरू झालेला हा वेढा १७९१ च्या एप्रिलमध्ये किल्ला हाती आल्यावरच उठला. आज किल्ल्याचा दरवाजा आणि थोडे अवशेष उरले आहेत. बाकी सारे शहराने गिळले. ‘किल्ला’ पाहायचा म्हणून गेलात तर निराश व्हाल; वाटेवर आहे म्हणून पाहिलात तर बरे वाटेल.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हा मुलूख मुंबई इलाख्यात गेला. इंग्रज याला ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणत. लोक बोलत कन्नड, पण कचेरीत आणि शाळेत मराठी, अशी स्थिती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बरीचशी टिकून होती. कन्नड मुलांना मराठीतून शिकावे लागे. ही गोष्ट आपल्या लोकांनी विसरू नये असे आम्हाला वाटते, कारण पुढचे बरेच काही त्यातून समजते. डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कन्नड शाळांसाठी खटपट केली. १८९० साली रा. ह. देशपांडे यांनी धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन केला. आडनाव देशपांडे, काम कन्नडच्या उद्धाराचे! कर्नाटक एकीकरणाचे प्रवर्तक आलूर वेंकटराव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले होते, आणि त्यांनीच लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चा कन्नड अनुवाद केला. म्हणजे येथील कन्नड चळवळ मराठीच्या द्वेषातून उभी राहिली असे म्हणता येत नाही. मराठीकडे पाहून, ‘आपलेही असे हवे’ म्हणून ती उभी राहिली. विद्यावर्धक संघाची वास्तू आजही गजबजलेली असते. दर दिवशी काही ना काही व्याख्यान, पुस्तक प्रकाशन, सत्कार चालूच. संध्याकाळी सहज डोकावावे, कोणी हटकत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नाची धग बेळगावला बसली, तशी आमच्याकडे बसली नाही. येथे मराठी माणूस संख्येने थोडा, पेठेत, रेल्वेत, बँकांत, शाळांत विखुरलेला. त्याने दोन्ही भाषा ठेवल्या. आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी शाळेत कन्नड, देवघरात मराठी आणि नोकरीत इंग्रजी असा संसार केला. आता नातवंडे मराठी समजतात, बोलतातही, पण देवनागरीतले मराठी पुस्तक हातात दिले की बोट ठेवून वाचतात. मंडळाच्या गणेशोत्सवात नाटकाची संहिता कन्नड लिपीत लिहून द्यावी लागते, ही आजची वस्तुस्थिती आहे. दुःख करावे की कौतुक, यावर आमच्यात दोन तट आहेत. मुले संवाद चोख म्हणतात, एवढे दोन्ही तटांना मान्य आहे.

पाहुण्यांना येथली भाषा ऐकताना मजा वाटते. आमची मराठी ‘या की’, ‘होय की’, ‘जेवण झालं काय?’ अशी चालते आणि सुरात कन्नड असते. उलट धारवाडी कन्नडमध्ये ‘अगदी’ आणि ‘खरे’ हे शब्द इतके मुरले आहेत की बेंगळूरचा माणूस येथील कन्नड ऐकून बुचकळ्यात पडतो. चांगल्याला येथे ‘छलो’ म्हणतात आणि फार चांगल्याला ‘अगदी छलो’. अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्द कन्नडकडून आपल्याकडे आले, हे पुण्यात सांगितले की काही जण नाराज होतात. आमचा सल्ला एवढाच : दुकानात, रिक्षात दोन शब्द कन्नड बोलावे. समोरचा माणूस बहुधा लगेच मराठीत किंवा हिंदीत उत्तर देतो.

दोन लेखक, एक गाव

धारवाडच्या साधनकेरी भागात कवी द. रा. बेंद्रे यांचे घर आहे, शेजारी त्यांच्या स्मरणार्थ बेंद्रे भवन. समोरच साधनकेरीचे तळे. बेंद्रे यांचा जन्म १८९६ चा, धारवाडचाच. घर चित्पावनांचे, घरची भाषा मराठी. आणि हा माणूस आधुनिक कन्नडचा सर्वांत लाडका कवी झाला! ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने त्यांनी लिहिले. ‘नाकु तंती’ या संग्रहासाठी १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांचे शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये झाले, आणि १९४४ ते १९५६ ही बारा वर्षे सोलापूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात ते कन्नडचे प्राध्यापक होते. सोलापूरकरांनी हे लक्षात ठेवून यावे. मराठीतही त्यांनी लिहिले. त्यांच्या ‘संवाद’ या पुस्तकाला केळकर पारितोषिक मिळाले. धारवाडी बोली त्यांनी कवितेत आणली आणि ती बोली आज कर्नाटकभर गायली जाते. आमच्या ओळखीचे काही मराठी पाहुणे येथे येऊन ‘आपला माणूस तिकडे गेला’ असे म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. तो धारवाडचा होता आणि धारवाडचाच राहिला. रस्त्यावर ज्या भाषेत खेळला त्या भाषेत त्याने लिहिले.

याच गावात दुसरे टोकही पाहायला मिळते. जी. ए. कुलकर्णी यांचा जन्म १९२३ चा, बेळगाव जिल्ह्यातील एकसंबे गावचा. धारवाडच्या जनता शिक्षण समितीच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवले आणि लिहिले ते सारे मराठीत. ‘निळासावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’, ‘काजळमाया’ : मराठी कथेतले हे संग्रह कन्नड गावात बसून लिहिले गेले. ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि पुस्तकाच्या प्रकाशन तारखेवरून वाद निघताच जी.एं.नी तो परत केला. सभासमारंभ, सत्कार यांपासून ते दूर राहिले. पुण्या-मुंबईच्या लेखक-प्रकाशकांशी त्यांचा संबंध मुख्यतः पत्रांतून होता आणि ती पत्रे आज मराठी वाङ्मयाचा भाग झाली आहेत. अखेरच्या आजारपणात ते पुण्याला गेले आणि ११ डिसेंबर १९८७ रोजी तेथेच वारले.

मराठी वाचक अजूनही जी.एं.चे धारवाड शोधत येतात. त्यांना दाखवायला आमच्याकडे स्मारक नाही, हे कबूल करायला हवे. बेंद्र्यांच्या घरी पाटी आहे, पुस्तके आहेत, फोटो आहेत, जी.एं.साठी तेवढे नाही. मराठी समाजाने मनावर घेतले असते तर एक खोली, एक कपाट तरी उभे राहिले असते. कॉलेजचा परिसर पाहावा, आणि मग संध्याकाळी धारवाडच्या एखाद्या चढाच्या रस्त्याने पायी चालावे. कौलारू घरे, मोठी झाडे, लाल माती आणि एकाएकी उतरणारा अंधार पाहिला की त्या कथांतले बरेच काही ओळखीचे वाटते. जुनी घरे मात्र भराभर पडत आहेत. त्यांच्या जागी इमारती येत आहेत, तेव्हा यायचे तर लवकर यावे.

सुभाष रोडवर मनोहर ग्रंथमाला हे कन्नड प्रकाशन गृह आहे. जी. बी. जोशी यांनी १९३३ साली ते सुरू केले. त्याच्या माळ्यावर, म्हणजे प्रसिद्ध ‘अट्टा’वर, लेखकांची बैठक भरत असे. गिरीश कार्नाड यांचे ‘ययाति’ येथूनच १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्नाड माथेरानला जन्मले, सिरसी आणि धारवाडात वाढले, कर्नाटक कॉलेजात शिकले. त्यांच्या ‘तुघलक’चा मराठी अनुवाद विजय तेंडुलकरांनी केला, तेव्हा अट्ट्यावरचे कन्नड नाटक मराठी रंगभूमीवरही पोचले.

गाण्याचा मुलूख

किराणा घराण्याचे नाव घेतले की मराठी माणसाला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव आठवतो. ज्यांच्या नावाने तो १९५३ पासून भरतो ते सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, आणि कुंदगोळ हुबळीहून सुमारे २० किलोमीटरवर आहे. हे गाव संस्थानी काळात पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होते. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य झालेल्या रामभाऊंनी मराठी संगीत नाटकांत मोठे नाव कमावले. गळा मुळात सहज फिरणारा नव्हता, तो मेहनतीने तयार झाला असे जाणकार सांगतात. १२ सप्टेंबर १९५२ रोजी ते गेले.

कुंदगोळचा नाडगीर वाडा अवश्य पाहावा. जाड भिंती, लाकडी खांब, मोठा चौक. या वाड्याने गवयांना आश्रय दिला, अब्दुल करीम खाँ येथे येऊन राहत. रामभाऊंच्या पुण्यतिथीनिमित्त येथे संगीत समारोह होतो आणि गाणे रात्रभर चालते. पुण्याच्या महोत्सवाला खुर्चीचे तिकीट काढावे लागते. येथे सतरंजीवर बसायचे. शेजारी शेतकरी बसलेला असतो आणि चुकीच्या जागी दाद देत नाही.

गंगूबाई हनगल यांचा जन्म धारवाडचा, ५ मार्च १९१३ चा. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गात. पुढे कुटुंब हुबळीला आले. गंगूबाई हुबळीहून रोज आगगाडीने कुंदगोळला जाऊन गुरूकडे शिकत. त्याच काळात तेथे गदगचा एक मुलगा गुरुगृही राहून शिकत होता : भीमसेन जोशी. गंगूबाई लहानपणी १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींपुढे स्वागतगीत गायल्या होत्या. समाजात खालच्या मानलेल्या घरातून येऊन, ‘गाणारी बाई’ म्हणून टोमणे ऐकून, त्या पद्मविभूषणापर्यंत पोचल्या. २१ जुलै २००९ रोजी हुबळीत त्यांचे निधन झाले. देशपांडे नगरातले त्यांचे ‘गंगालहरी’ हे घर ज्यांना पाहायचे त्यांनी आधी चौकशी करून जावे. त्यांच्या नावाचे गुरुकुलही हुबळीत आहे. तेथे गुरुगृही राहून शिकण्याची पद्धत सरकारी खर्चाने चालवली जाते.

धारवाडात मल्लिकार्जुन मन्सूर यांचे ‘मृत्युंजय’ हे घर स्मारक म्हणून जपले आहे. मन्सूर हे धारवाडजवळचे खेडे. तेथे ३१ डिसेंबर १९१० रोजी त्यांचा जन्म झाला. नीळकंठबुवांकडे मिरजेला, मग मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडे त्यांची तालीम झाली. जयपूर-अत्रौली गायकीतले अनवट राग गावेत तर त्यांनीच. त्यांचे निधनही १२ सप्टेंबरचेच, १९९२ सालचे. बसवराज राजगुरूही या मातीतले. त्यांच्या मैफलीत वचन आणि मराठी नाट्यगीत शेजारी शेजारी येई. धारवाड आकाशवाणी १९५० च्या जानेवारीत सुरू झाली आणि या मंडळींचे गाणे घरोघर गेले. आमच्यापैकी कित्येकांचे कान त्या केंद्राने तयार केले आहेत.

एवढे गवई एका जिल्ह्यात कसे, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. पाण्याचा गुण असे सांगण्याची पद्धत आहे. आमच्या मते कारण सरळ आहे. मिरज जवळ, रेल्वे होती, मराठी नाटक कंपन्या येथे मुक्काम ठोकत, आणि संस्थानिक व वाडेवाले पैसे देत. कर्नाटक आणि हिंदुस्थानी संगीताची सीमाही येथेच, तेव्हा कान दोन्हीला सरावलेला.

हुबळीत काय पाहावे

सिद्धारूढ मठ हे हुबळीचे दैवत. सिद्धारूढ स्वामींची समाधी (१९२९) येथे आहे. जातपात न मानणारा हा मठ; मराठी भाविकही मोठ्या संख्येने येतात, विशेषतः महाशिवरात्रीच्या रथोत्सवाला. प्रसादाचे जेवण सर्वांना मिळते. हुबळीच्या स्टेशनलाही आता स्वामींचेच नाव आहे. या स्टेशनचा १,५०७ मीटर लांबीचा फलाट जगातील सर्वांत लांब मानला जातो. मार्च २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. वयस्कर पाहुण्यांनी आपला डबा कुठे येतो हे आधी विचारून ठेवावे, नाहीतर जगातील सर्वांत लांब फलाटाचा अनुभव पायांना येतो.

रेल्वेवरून आठवले. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेचे मुख्यालय धारवाडला होते. १९०८ मध्ये ती कंपनी मद्रास रेल्वेत मिसळली आणि रिकाम्या झालेल्या त्या देखण्या दगडी इमारतीत १९१७ साली कर्नाटक कॉलेज सुरू झाले. कॉलेजचे आवार आजही धारवाडातील सर्वांत सुंदर जागा आहे. हुबळी आता दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे, आणि स्टेशनजवळचे रेल्वे संग्रहालय मुलांना फार आवडते.

उणकलचे चंद्रमौळेश्वर मंदिर अकराव्या-बाराव्या शतकातील, चालुक्य शैलीतील. चारही दिशांना दारे असलेले हे मंदिर वस्तीच्या मधोमध, घरांच्या गर्दीत आहे, त्यामुळे रिक्षावाल्यालाही कधी कधी सापडत नाही. जवळच उणकल तलाव. संध्याकाळी हुबळीकर हवा खायला तेथे येतात. दाजीबान पेठेतील तुळजाभवानीचे मंदिर मराठी माणसाला लगेच घरचे वाटेल. ते सोमवंशी सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाचे. हा विणकर समाज भवानीला मानतो आणि घरात आपली स्वतंत्र बोली बोलतो. ‘सावजी’ जेवण हे त्यांचेच. तिखट सोसत असेल तरच मटण मागवावे.

आता एका जागेबद्दल जरा सविस्तर. हुबळीच्या बेंगेरी भागात कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आहे, १ नोव्हेंबर १९५७ रोजी स्थापन झालेला. भारतीय मानक ब्यूरोच्या मान्यतेने खादीचा राष्ट्रध्वज येथे तयार होतो. लाल किल्ल्यापासून तालुका कचेरीपर्यंतचे ध्वज येथून गेले आहेत. सहा इंच बाय चार इंचापासून एकवीस फूट बाय चौदा फुटांपर्यंत ध्वजाची नऊ प्रमाणित मापे आहेत. धाग्यांची संख्या, रंगाची छटा, अशोकचक्राचा दोन्ही बाजूंचा ठसा तंतोतंत जुळणे, शिलाई, दोरी, सारे तपासले जाते आणि चूक निघाली तर माल परत. काम करणाऱ्या बहुतेक बायका आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावरच्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांना परवानगी मिळाली. स्वस्त ध्वज बाजारात आले आणि खादीच्या ध्वजाची मागणी घसरली. हाताने कातून, विणून, तपासून केलेली वस्तू कारखान्याच्या मालाशी किमतीत स्पर्धा करू शकत नाही, हे सांगायला बँकेचा अनुभव लागत नाही. आपल्या संस्थेत, सोसायटीत, शाळेत ध्वज घ्यायचा असेल तर येथूनच घ्यावा, अशी आमची पाहुण्यांना विनंती आहे.

बँकेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. सहकारी पतसंस्थांच्या कायद्यानंतर देशातील पहिली कृषी सहकारी पतसंस्था १९०५ मध्ये कणगिनहाळ या गावी स्थापन झाली. हे गाव आता गदग जिल्ह्यात, पण तेव्हा धारवाड जिल्ह्यात होते. पर्यटकाला तेथे पाहण्यासारखे थोडेच. आम्हा बँकवाल्यांना मात्र ते तीर्थक्षेत्र वाटते.

खाणे आणि खरेदी

धारवाडचा पेढा उत्तर प्रदेशातील उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबाने येथे आणला. लाइन बाजारातले त्यांचे जुने दुकान लहान आहे आणि बाहेर रांग असते. माल संपला की संपला. खवा तांबूस होईपर्यंत भाजतात आणि वर पिठीसाखर लावतात. पेढ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मिश्रांचा पेढा मात्र दोन्ही शहरांत जागोजागी मिळतो. दोहोंत उजवा कोणता यावर घरोघर मतभेद आहेत. पाहुण्याने दोन्ही घ्यावेत आणि यजमानासमोर मत देऊ नये.

ज्वारीची भाकरी येथे दोन प्रकारची : मऊ आणि कडक. कडक भाकरी महिनाभर टिकते. सोबत भरली वांगी (‘एण्णेगायी’), शेंगाचटणी, कारळाची आणि जवसाची चटणी, दही, कच्चा कांदा. खानावळीत ‘झुणका’ मागितला तरी मिळेल. होळगी म्हणजे आपली पुरणपोळी आणि ‘कट्टिन सारु’ म्हणजे कटाची आमटी, तेव्हा कोल्हापूर-सोलापूरच्या माणसाला परके वाटायला जागाच नाही. संध्याकाळी गिरमिट खावे : चुरमुऱ्यात कांदा-टोमॅटोचा परतलेला मसाला, चिंच, डाळव्याचे पीठ, वर कोथिंबीर, आणि सोबत गरम मिरची भजी. हे गाड्यावर उभे राहूनच खायचे असते. बशीत घालून घरी आणले की त्याचा चिवडा होतो.

खरेदीसाठी कसुतीचे भरतकाम पाहावे. गवंती, मुर्गी, नेय्गे आणि मेंथे असे चार टाके. धागे मोजून, कापडावर आधी नक्षी न काढता भरतात. गोपुर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन हे आकार. इरकल साडीवर हाताने भरलेली कसुती महाग असते आणि असावीच. यंत्रावरची स्वस्त मिळते. ओळखायची खूण अशी की खऱ्या गवंती टाक्याची मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसते. दुकानदाराला साडी उलटून दाखवायला सांगावे. खरी असेल तर तो आनंदाने दाखवतो.

कसे यावे, केव्हा यावे

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सप्टेंबरात धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा कृषी मेळा असतो, तेव्हा खोल्या मिळणे कठीण. होळीनंतर पाचव्या दिवशी हुबळीची रंगपंचमी असते. त्या सुमारास ‘जग्गलगी’ नावाचे भलेमोठे चामडी वाद्य रस्त्यातून गडगडत नेतात. ते ऐकायला यावे, पण पांढरे कपडे घालू नयेत.

पुण्याहून सप्टेंबर २०२४ पासून वंदे भारत गाडी आठवड्यातून तीन दिवस आहे. ती सातारा, सांगली, मिरज, बेळगाव, धारवाड असे करत हुबळीला येते. इतर गाड्या आणि रात्रीच्या बसही भरपूर. विमानतळ हुबळीत गोकुळ रोडवर. दोन शहरांमध्ये स्वतंत्र मार्गिकेवरून ‘चिगरी’ बस धावतात. चिगरी म्हणजे कन्नडमध्ये हरीण. साध्या बसपेक्षा या बसला वेळ कमी लागतो, मात्र सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर बसायला जागा मिळण्याची आशा करू नये.

दोन दिवस हाती असतील तर पहिला दिवस धारवाडला द्यावा : सकाळी कर्नाटक कॉलेज आणि विद्यापीठाच्या आवारातील कन्नड संशोधन संस्थेचे वस्तुसंग्रहालय, दुपारी मृत्युंजय, चारनंतर साधनकेरी. शाल्मला नदीचा उगम असलेले सोमेश्वर मंदिर आणि नुग्गीकेरीचा मारुती जाता-येता होतात. दुसऱ्या दिवशी हुबळी, आणि दुपारनंतर कुंदगोळ. तिसरा दिवस असेल तर गदग रस्त्याने अण्णिगेरीचे अमृतेश्वर मंदिर पाहून लक्कुंडीला जावे. मराठी पाहुणे सौंदत्तीच्या यल्लम्मालाही जातात. धारवाडहून ती जवळ आहे, पण पौर्णिमेला गर्दी फार. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर मधला एखादा दिवस धरावा आणि सकाळी लवकर निघावे.